वाचकांचे प्रश्न : लिनक्सवरचा आवाज नेमका कुठे अडतो?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत लिनक्स या संगणकप्रणालीवरील आवाजाविषयीची पत्रे सर्वांत जास्त निघाली. संगणक सुरू होतो, इंटरनेट चालते, प्रिंटरही छापतो आणि गाणे लावले की शांतता, ही तक्रार रावेरपासून नंदुरबारपर्यंत सारखीच आहे. त्यांपैकी काही पत्रे आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत व इंग्रजी आकड्यांत लिहाव्यात, दोन शब्दांमध्ये एक जागा सोडावी आणि ‘हायफन’ म्हटले आहे तेथे आडवी लहान रेघ टाकून पुढचे अक्षर तिला जोडूनच लिहावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून घरच्या डेस्कटॉपवर नुकतेच लिनक्स मिंट बसवून घेतले आहे. आवाज येतो, परंतु माहिती वाचू लागलो की आल्सा, पल्सऑडिओ, जॅक आणि पाइपवायर अशी चार नावे समोर येतात. माझ्यासाठी यांतील कोणती यंत्रणा योग्य, आणि उरलेल्या तीन काढून टाकाव्यात काय? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : काहीही काढून टाकू नये, हे आधी सांगतो. आवाज व्यवस्थित येत असलेल्या संगणकावरून ‘नको असलेली’ पॅकेजे काढल्यामुळे तो मुका झालेला मी एकाहून अधिक घरांत पाहिला आहे. आपण लिहिलेली नावे एकमेकांना पर्याय असलेल्या चार वस्तूंची नाहीत. त्यांतली काही एकावर एक बसलेल्या थरांची नावे आहेत, आणि ते थर समजले की निवडीचा प्रश्न बराचसा सुटतो.

सर्वांत खाली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, असतो आणि साउंड कार्डाशी प्रत्यक्ष बोलणारे ड्रायव्हर त्यातच असतात. लिनक्ससाठी ध्वनीचे सुरुवातीचे ड्रायव्हर फिनलंडच्या हन्नू साव्होलाइनेन यांनी १९९२ मध्ये लिहिले आणि त्यांतून ओपन साउंड सिस्टिम, म्हणजे ओएसएस, उभी राहिली. त्या काळात बहुतेक कार्डांवर एका वेळी एकच प्रोग्रॅम आवाज काढू शके. गाणे चालू असेल तर दुसऱ्या प्रोग्रॅमला ‘कार्ड व्यस्त आहे’ असे उत्तर मिळे. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये आल्साचे काम सुरू केले आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ क्रमांकाच्या कर्नलपासून आल्सा हीच लिनक्सची अधिकृत ध्वनियंत्रणा झाली. म्हणजे आल्सा हा पाया आहे. वर काहीही असले तरी शेवटी आवाज आल्साच्या ड्रायव्हरमधूनच कार्डापर्यंत जातो, आणि म्हणूनच तो काढून टाकण्याचा विचारसुद्धा करू नये.

त्याच्या वर ध्वनिसर्व्हर असतो. ब्राउझरमधले व्याख्यान, मेसेज आल्याची टिंग आणि चालू असलेले गाणे हे तिन्ही एकत्र मिसळणे, प्रत्येकाचा आवाज वेगळा कमी-जास्त करू देणे, हेडफोन लावताच प्रवाह तिकडे वळवणे ही त्याची कामे आहेत. लेनार्ट पोटरिंग यांनी २००४ मध्ये सुरू केलेला पल्सऑडिओ हे काम करू लागला. तो २००७ मध्ये फेडोरा ८ आणि २००८ मध्ये उबंटू ८.०४ या लिनक्सच्या आवृत्त्यांत आला, तेव्हा लोकांनी त्याला खूप नावे ठेवली. त्याने ड्रायव्हरांच्या अशा सोयी वापरायला घेतल्या होत्या, ज्यांना तोवर कोणी फारसा हात लावलेला नव्हता, त्यामुळे ड्रायव्हरांमधील कितीतरी जुने दोष त्याच्या निमित्ताने उघडे पडले आणि दोषाचे खापर मात्र त्याच्यावर फुटले. याच सुमारास स्टुडिओत काम करणाऱ्यांसाठी पॉल डेव्हिस यांचा जॅक हा वेगळा सर्व्हर होता. त्याचा सारा भर आवाजाला होणारा उशीर कमीत कमी ठेवण्यावर होता. एकाच कार्डावर पल्सऑडिओ आणि जॅक या दोघांचा हक्क सांगण्याचा तंटा वर्षानुवर्षे चालला.

तो तंटा पाइपवायरने मिटवला. रेड हॅट या कंपनीत काम करणारे विम टायमन्स यांनी हा प्रकल्प आधी व्हिडिओसाठी सुरू केला होता, नंतर त्यात ध्वनीही आला. पाइपवायर हा पल्सऑडिओसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांना पल्सऑडिओसारखा आणि जॅकसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांना जॅकसारखा भेटतो, त्यामुळे दोन सर्व्हर ठेवण्याची गरज उरत नाही. फेडोराने २०२१ मध्ये, उबंटूने २०२२ मधील २२.१० या आवृत्तीत आणि लिनक्स मिंटने २०२४ मधील २२व्या आवृत्तीत तो मुख्य ध्वनिसर्व्हर म्हणून स्वीकारला. आपण मिंट नुकतेच बसवले असेल तर आपल्याकडे बहुधा तोच आहे. खात्री करायची असल्यास टर्मिनलमध्ये ‘पीएसीटीएल इन्फो’ ही आज्ञा द्यावी आणि ‘सर्व्हर नेम’ ही ओळ वाचावी. तेथे ‘पल्सऑडिओ’ या नावापुढे कंसात ‘ऑन पाइपवायर’ असे शब्द दिसले, तर सर्व्हर पाइपवायर आहे आणि तो पल्सऑडिओची भाषा बोलत आहे.

माझे मत असे आहे की नव्याने लिनक्स बसवणाऱ्याने पाइपवायरच घ्यावा आणि दुसरे काही शोधत बसू नये. ज्यांच्या जुन्या मिंटवर पल्सऑडिओ निमूटपणे काम करत आहे, त्यांनी केवळ नवे आले म्हणून तो उखडू नये. पुढची आवृत्ती बसवतील तेव्हा बदल आपोआप होईल. सर्व्हर न ठेवता नुसत्या आल्सावर चालवणे शाळेची घंटा वाजवण्यासारख्या एकाच कामाच्या संगणकावर ठीक आहे, घरच्या डेस्कटॉपवर त्याची गैरसोयच जास्त. इंटरनेटवर मिळणारा सल्ला कोणत्या वर्षीचा आहे हे मात्र अवश्य पाहावे. दहा वर्षांपूर्वीच्या सल्ल्याप्रमाणे आल्साच्या सेटिंगच्या फायली हाताने लिहिणे किंवा पाइपवायर असताना त्यावर पल्सऑडिओ बसवणे, यांतून आजचे निम्मे बिघाड निर्माण होतात, असे मला पत्रे वाचून वाटते.

आपल्या भागात ठिबक सगळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून एक गोष्ट त्या भाषेत सांगतो. केळीच्या बागेत शेवटच्या ओळीला पाणी पोहोचत नाही म्हणून कोणी पहिल्याच दिवशी विहिरीवरची मोटर बदलत नाही. आधी वॉल्व्ह पाहतात, फिल्टर उघडून धुतात, लॅटरलचे टोक सोडून पाहतात आणि ड्रिपर चोंदला आहे का ते बघतात. लिनक्सवरचा आवाजही असाच प्रोग्रॅम, ध्वनिसर्व्हर, ड्रायव्हर, कार्ड, स्पीकरची पिन लावायचे सॉकेट आणि स्पीकर असा टप्प्याटप्प्याने जातो. पुढच्या सर्व उत्तरांत मी एवढेच करणार आहे, की पाणी कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचले ते पाहायचे आणि तेथेच हात घालायचा.

प्रश्न : मुलाने नवा मॉनिटर आणून एचडीएमआय केबलने जोडला, तेव्हापासून टेबलावरचे स्पीकर गप्प आहेत. स्पीकर मोबाइलला जोडले की वाजतात. ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागेल काय? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : ड्रायव्हरला हात लावू नये. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने नवा मॉनिटर हे एक नवे ध्वनिसाधन आहे, मग त्यात स्पीकर असोत वा नसोत. सर्व्हरने आवाज तिकडे वळवला आहे एवढेच. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून ‘ॲनालॉग’ किंवा ‘लाइन आउट’ निवडावे. तरीही एखादा प्रोग्रॅम गप्पच राहिला, तर ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हा छोटा प्रोग्रॅम बसवून घ्यावा. पाइपवायरवरही तो उत्तम चालतो. त्याच्या ‘प्लेबॅक’ या पानावर प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज कोणत्या साधनाकडे चालला आहे ते दिसते आणि तेथेच तो बदलता येतो. सर्व्हर ही निवड प्रोग्रॅमगणिक लक्षात ठेवतो, म्हणून एकदा मॉनिटरकडे गेलेला ब्राउझर पुढेही मॉनिटरकडेच जात राहतो. मॉनिटरमध्ये स्पीकर नसतील तर ‘कॉन्फिगरेशन’ या पानावर एचडीएमआयचे प्रोफाइल ‘ऑफ’ करून टाकावे, म्हणजे हा प्रश्न पुन्हा येणार नाही.

प्रश्न : माझ्या संगणकावर आउटपुटच्या यादीत ‘डमी आउटपुट’ एवढेच दिसते. दुकानात दाखवले असता साउंड जळाला आहे, मदरबोर्ड बदला, असे सांगण्यात आले. हे खरे असेल काय? (एक वाचक, धुळे)

उत्तर : असू शकेल, पण तसे म्हणण्याआधी पाहण्यासारखे बरेच आहे, आणि ते सगळे फुकट आहे.

‘डमी आउटपुट’ याचा अर्थ ध्वनिसर्व्हर चालू आहे, परंतु त्याच्या हाती एकही खरे साधन लागलेले नाही. तेव्हा सर्व्हरला बाजूला ठेवून सरळ खालच्या थराला विचारावे. ‘एप्ले हायफन एल’ ही आज्ञा (ए हे अक्षर आणि त्याला जोडून प्ले) दिली की आल्साला दिसणारी कार्डे छापून येतात. तेथे कार्ड दिसत असेल तर मदरबोर्ड जिवंत आहे आणि अडथळा वर आहे. अशा वेळी आधी ‘कॉन्फिगरेशन’च्या पानावर त्या कार्डाचे प्रोफाइल ‘ऑफ’ तर नाही ना, ते पाहावे. ते ठीक असेल तर ‘सिस्टिमसीटीएल हायफन हायफन यूजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर’ ही आज्ञा देऊन सर्व्हर पुन्हा सुरू करावा. वायरप्लंबर हा पाइपवायरचा कारभारी आहे. कोणते साधन कोणाला जोडायचे ते तो ठरवतो, आणि पुष्कळदा अडकून पडलेला तोच असतो. ही आज्ञा ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) न लावता, आपल्या नेहमीच्या खात्यातूनच द्यायची असते.

‘एप्ले’ला कार्ड दिसत नसेल तर आणखी एक पायरी खाली उतरावे. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेच्या यादीत ‘ऑडिओ’ असा शब्द असलेली ओळ असेल तर चिप जागेवर आहे, पण ड्रायव्हरला ती चालवता आलेली नाही. अलीकडच्या इंटेलच्या लॅपटॉपांवर याचे नेहमीचे कारण म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर, म्हणजे एसओएफ, या नावाचे पॅकेज बसवलेले नसणे. डेबियन या लिनक्सवर ते वेगळे बसवावे लागू शकते. डेस्कटॉपवर हे कारण क्वचित सापडते. यादीत एकही ऑडिओची ओळ नसेल तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ किंवा ‘एचडी ऑडिओ’ बंद केलेला नाही ना, ते पाहावे. सर्वांत शेवटी, दुसऱ्या एखाद्या लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून ते न बसवताच चालते) लावून संगणक चालू करावा. त्यावर आवाज आला तर हार्डवेअर निर्दोष आहे याचा पुरावाच मिळाला.

आता कार्ड दिसते, सर्व्हरलाही दिसते, आवाजाच्या पट्ट्या हलताना दिसतात आणि तरी स्पीकर मुका, अशीही एक अवस्था असते. ती मी माझ्याच घरी भोगली आहे. दुरुस्तीवाल्याने तेव्हा मलाही मदरबोर्ड बदलायला सांगितले होते आणि मी पैसे काढून ठेवले होते. त्याआधी एका संध्याकाळी टर्मिनलमध्ये ‘आल्सामिक्सर’ उघडला. तो उघडल्यावर बहुधा एकच खांब दिसतो, कारण आपण सर्व्हरच्या आभासी कार्डावर असतो. एफ-सिक्स दाबून खरे कार्ड निवडले की ‘मास्टर’, ‘हेडफोन’, ‘फ्रंट’, ‘स्पीकर’ असे सगळे खांब समोर येतात. ज्या खांबाच्या तळाशी एम-एम अशी दोन अक्षरे असतात तो बंद असतो आणि त्यावर जाऊन एम दाबले की तो उघडतो. माझ्याकडे सगळे खांब उघडे होते, पण उजवीकडे शेवटी ‘ऑटो-म्यूट मोड’ चालू होता. हेडफोन लावले की मागचे स्पीकर आपोआप बंद करणे हे त्याचे काम. मी बॅटरी घेऊन कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा हेडफोनचा जॅक पाहिला, तेव्हा त्यातली लहानशी पत्री आत दबून राहिलेली दिसली. हेडफोन नसतानाही संगणकाला तो लावलेलाच वाटत होता, आणि म्हणून तो मागच्या स्पीकरचा आवाज बंद ठेवत होता. ‘ऑटो-म्यूट’ बंद केला त्याच क्षणी आवाज आला. ती सेटिंग कायम राहावी म्हणून ‘सुडो आल्सासीटीएल स्टोअर’ ही आज्ञा एकदा द्यावी. हे सगळे करूनही चिपच मेलेली निघाली, तरी मदरबोर्ड बदलू नये. यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड फार थोड्या पैशांत मिळते आणि लिनक्सवर ते वेगळा ड्रायव्हर न टाकता चालते.

प्रश्न : माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या आणि कानबाईची गाणी अहिराणीत तोंडपाठ आहेत. गावातल्या घरी डेस्कटॉपला माइक जोडून मी ती ऑडॅसिटीत ध्वनिमुद्रित करतो. परंतु मागे सतत ‘घूं’ असा आवाज राहतो, मधूनच टकटक होऊन शब्द तुटतात, आणि हेडफोन लावून ऐकले तर तिचा आवाज किंचित उशिरा येतो. पाइपवायरऐवजी जॅक बसवावा काय? (एक वाचक, शिरपूर तालुका)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण करत आहात ते काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपण सांगितलेल्या तक्रारी तीन आहेत, त्यांची कारणेही तीन वेगवेगळी आहेत, आणि जॅक बसवून त्यांपैकी एकही जाणार नाही.

‘घूं’ हा आवाज लिनक्सचा नाही, तो विजेचा आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते आणि तिचाच ५० किंवा १०० हर्ट्झचा घुमारा माइकच्या तारेत शिरतो. आधी एक साधी गोष्ट पाहावी. पायांत चप्पल नसताना कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लागली की झिणझिण्या येतात का? येत असतील तर घरातले अर्थिंग काम करत नाही. संगणकाच्या वीजपुरवठ्यात एक फिल्टर असतो. अर्थिंग नसेल तर त्यातून अगदी थोडा प्रवाह कॅबिनेटवर येत राहतो आणि कॅबिनेटवर मुख्य दाबाच्या जवळजवळ निम्मा दाब दिसतो. वैशाखात आपली काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि हिवाळ्यात नसलेला घुमारा उन्हाळ्यात सुरू होतो. जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहावे. संगणक, मॉनिटर आणि स्पीकर हे तिन्ही एकाच थ्री-पिन बोर्डवर लावावेत, म्हणजे दोन वेगळ्या सॉकेटांच्या अर्थिंगमधील फरक तारेतून फिरत नाही. घुमारा जावा म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे.

घुमाऱ्याचे दुसरे कारण माइकचे आहे. डेस्कटॉपचे गुलाबी सॉकेट छोट्या संगणकी माइकसाठी असते. मंडपवाल्याकडचा गाण्याचा माइक पिन बदलून त्यात लावला तर सिग्नल फार क्षीण येतो, मग ‘माइक बूस्ट’ चढवावा लागतो. हा बूस्ट ३० डेसिबलपर्यंत चढवला तर सिग्नल सुमारे ३२ पट मोठा होतो, आणि त्याच्याबरोबर कॅबिनेटमधला सगळा कचराही ३२ पट मोठा होतो. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की एक साधा यूएसबी माइक घ्यावा. त्यात आवाजाचे आकड्यांत रूपांतर माइकच्या आतच होते आणि पुढे तारेतून आकडेच जातात. तो कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, सरळ मदरबोर्डवरच्या यूएसबी सॉकेटात लावावा, हबमधून लावू नये.

टकटक आणि तुटणारे शब्द हा मात्र ध्वनिसर्व्हरचा प्रांत आहे. सर्व्हर आवाज सलग नेत नाही, तो ओंजळीओंजळीने नेतो. पाइपवायरच्या भाषेत या ओंजळीला ‘क्वांटम’ म्हणतात. नमुना म्हणजे क्षणाक्षणाला मोजलेला आवाजाचा आकडा. नेहमीचा क्वांटम १,०२४ नमुन्यांचा आणि वेग सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असतो, म्हणजे एक ओंजळ सुमारे २१ मिलिसेकंदांची होते. तेवढ्या वेळात संगणकाला दुसऱ्या कामातून सवड मिळाली नाही तर ओंजळ रिकामी जाते आणि तेथे ‘टक्’ ऐकू येते. ध्वनिमुद्रण चालू असताना टर्मिनलमध्ये ‘पीडब्ल्यू-टॉप’ ही आज्ञा चालू ठेवावी. ‘ईआरआर’ या रकान्यातील आकडा वाढत असेल तर टकटक याच कारणाने होत आहे. जुन्या डेस्कटॉपवर पहिला उपाय म्हणजे ब्राउझर पूर्ण बंद करणे. दुसरा उपाय ओंजळ मोठी करणे. त्यासाठी ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा हायफन एन सेटिंग्ज ० क्लॉक-डॉट-फोर्स-हायफन-क्वांटम २०४८’ ही आज्ञा द्यावी. ‘क्लॉक’पासून ‘क्वांटम’पर्यंत मध्ये जागा न सोडता सलग लिहावे आणि ‘डॉट’च्या जागी टिंब द्यावे. काम झाल्यावर २०४८ च्या जागी ० लिहून तीच आज्ञा पुन्हा दिली की सर्व काही पूर्ववत होते. ऑडॅसिटीत प्रकल्पाचा वेगही ४८,००० हर्ट्झच ठेवावा, म्हणजे मध्ये उगीच रूपांतर होत नाही.

आता उशिराचे. हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येणे हे ओंजळींचेच फळ आहे, आणि ओंजळ मोठी केली की ते वाढणार. जॅक काय, पाइपवायर काय, उशीर कमी करायचा म्हणजे क्वांटम २५६ पर्यंत खाली आणायचा, तेव्हा एक ओंजळ ५.३ मिलिसेकंदांची होते. पण तसे केले की जुन्या संगणकावर टकटक वाढते. गिटार वाजवणाऱ्याला, किंवा आधी मुद्रित केलेल्या साथीवर गाणाऱ्याला उशीर चालत नाही, कारण त्याला ऐकत ऐकत ताल धरायचा असतो. आजी कोणाच्या तालावर गात नाहीत, तेव्हा आपल्याला उशीर कमी करण्याची मुळीच गरज नाही. ऑडॅसिटीतील गाताना ऐकवण्याची सोय बंद करावी, हेडफोन काढून ठेवावा आणि ओंजळ मोठी ठेवावी. तुटलेली ओवी पुन्हा तशीच मिळत नाही, उशीर मात्र मुद्रित झालेल्या फाइलमध्ये कोठेच उरत नाही.

आणखी काही गोष्टी आपण विचारल्या नाहीत, तरी सांगतो. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो अशी ठेवावी. एका तासाला सुमारे ५२० एमबी लागतात, हल्लीच्या पेनड्राइव्हला ते काहीच नाहीत. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारांतच जपावी आणि व्हॉट्सॲपवर पाठवण्यापुरती एमपी-थ्री वेगळी करावी. आवाजाची पट्टी सर्वांत उंच सुरातही उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. माइक तोंडासमोर न धरता वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ यांचा फुत्कार थेट त्यावर आदळत नाही. पंखा बंद ठेवून सकाळी लवकर बसावे आणि आजींच्या मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगाव्यात, खोलीचा घुमारा लगेच कमी होतो. जात्याची घरघर मात्र काढून टाकू नये. ऑडॅसिटीतील ‘नॉइज रिडक्शन’ वापरायचाच असेल तर तो प्रतीवर वापरावा, मूळ फाइलला हात लावू नये. ओवीची लय त्या घरघरीवर बसलेली असते, आणि ती काढली की आवाजालाही पाण्याखालून आल्यासारखा पोकळपणा येतो. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी गाव, दिनांक आणि गाणे कोणत्या प्रसंगाचे आहे हे आपल्याच आवाजात बोलून ठेवावे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या घरच्या माणसांनी कागदावर उतरवून ठेवल्या, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यानंतरही आपल्याला वाचायला मिळाल्या. आपल्याला तर आजींचे शब्द, सूर आणि श्वासही ठेवता येणार आहेत. यंत्रणा निर्दोष होण्याची वाट पाहत थांबू नये. माइक येईपर्यंत मोबाइलवर का होईना, येत्या रविवारी एक तरी गाणे घ्यावे.

प्रश्न : काही वेळ शांत राहिल्यावर गाणे लावले की स्पीकरमधून ‘टप्’ असा आवाज येतो आणि गाण्याची पहिली मात्रा गळते. (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : वीज वाचवण्यासाठी ड्रायव्हर काही सेकंदांनी साउंड चिपला झोपवतो, आणि ती जागी होताना हा आवाज होतो. ‘ईटीसी’ या डिरेक्टरीतील ‘मॉडप्रोब-डॉट-डी’मध्ये ‘कॉन्फ’ प्रकारची एक नवी फाइल करून तिच्यात ‘ऑप्शन्स एसएनडी-एचडीए-इंटेल पॉवर-सेव्ह=०’ ही ओळ लिहावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. या ओळीत ‘एसएनडी’, ‘एचडीए’ व ‘इंटेल’ यांच्यामध्ये आणि ‘पॉवर’ व ‘सेव्ह’ यांच्यामध्ये हायफन न देता खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, द्यावा. डेस्कटॉपवर या बचतीची उणीव जाणवत नाही. एवढ्यानेही न थांबल्यास वायरप्लंबर स्वतः साधनाला झोपवत असतो, ती सोयही बंद करता येते.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनवर गाणी सुरेख वाजतात. पण ऑनलाइन शिकवणी सुरू झाली की त्याच हेडफोनमधला आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बदलावा काय? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : हेडफोन चांगला आहे. गाणी ऐकताना ब्लूटूथ ‘ए-टू-डीपी’ या प्रोफाइलवर असते. त्यात आवाज उत्तम येतो, पण तो एकाच दिशेने जातो, माइकला त्यात जागा नाही. शिकवणीचा प्रोग्रॅम माइक मागतो तेव्हा सर्व्हर हेडफोनला बोलण्याच्या प्रोफाइलवर नेतो. तेथे आवाज दोन्ही दिशांनी जातो आणि त्यासाठी त्याचा दर्जा सहसा ८ किंवा १६ किलोहर्ट्झपर्यंत खाली येतो. विंडोजवर आणि मोबाइलवरही बहुधा हेच घडते. उपाय सोपा आहे. शिकवणीच्या प्रोग्रॅममध्ये माइक म्हणून वेबकॅमचा किंवा गुलाबी सॉकेटातला तारेचा माइक निवडावा आणि हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवावा. प्रोफाइल आपोआप परत आले नाही तर ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’च्या ‘कॉन्फिगरेशन’ पानावर हेडफोनसाठी ‘ए-टू-डीपी’ हाताने निवडावे.